अकरा नंबरचा दगड

गावातून निघाले त्या दिवशी जीपमध्ये मला बसायला जागा नव्हती. मागचा सगळा भाग दगडांच्या पिशव्यांनी भरलेला. पुण्याच्या कॉलेजातल्या बाईंनी दोन पिशव्या उचलून स्वतःच्या पायाशी घेतल्या, तेव्हा मला एक कोपरा मिळाला. आईनं खिडकीतून नाचणीच्या पिठाची पुरचुंडी, सुकटीचा डबा आणि गोधडी आत सरकवली. शेजारचे चंदरकाका बैल धुवायला निघाले होते, ते मुद्दाम थांबले.

"दगड घासायला पुन्याला कशाला जातंस गो शेवंते? हितं का दगड कमी हायेत?"

सगळे हसले. मीही मान खाली घालून हसले. आई हसली नाही. "पोचलीस का सांगावा धाड," एवढंच म्हणाली. तिचा हात खिडकीवर होता, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या मांडीला टेकलेल्या पिशव्यांकडं बघत होती. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून तिकडं बघतेय, असं मला वाटलं. तिच्या मनात दुसरंच काही होतं, हे कळायला दहा वर्षं गेली.

माळशेजच्या घाटात बाईंनी जीप थांबवायला लावली. समोरच्या कड्यावर एकावर एक थर दिसत होते, भाकऱ्यांची चवड रचावी तसे. मी जन्मापासून तो डोंगर बघत आले होते, पण थर कधी मोजले नव्हते. बाई म्हणाल्या, "प्रत्येक थर म्हणजे एकेकदा पसरलेला तापलेला रस. हा सगळा वर आला कुठून, तेच तुमच्या गावच्या भिंतीला विचारतेय मी." मी थर मोजायला लागले. जीप वळली आणि मोजणी अर्धीच राहिली. घर सुटलं म्हणून रडायचं होतं, ते त्या मोजण्यात राहून गेलं.

मंदा, तू आता कल्याणला होस्टेलवर राहायला चाललीस. परवा मला विचारलंस, मावशी, तू चौथी शिकलेली, आणि पुण्याच्या कॉलेजात मोठमोठ्या लोकांना दगडाच्या काचा करून देतेस, हे कसं काय जमलं? मला तोंडानं सांगता येत नाही. चार माणसांत तर नाहीच, एका माणसासमोरही जीभ जड होते. लग्नासाठी बघायला आलेल्या दोन घरांनी नाव विचारलं होतं, तेही मला सांगता आलं नव्हतं. म्हणून ह्या वहीत लिहिते आहे. तुला देईन की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

बाईंचं नाव तुला माहीत आहे. परदेशातले लोक ते घेताना अडखळतात, पण घेतात. मी इथं बाईच लिहिते, कारण मी कधी नावानं हाक मारलेली नाही.

नव्वद सालानंतरची एक थंडी होती. आमच्याकडची म्हसा गावची जत्रा महिन्यावर आली होती. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा गावात बातमी पसरली की डॉक्टरीण आली. एक म्हातारी गुडघा दाखवायला आमच्या ओट्यावर येऊन बसली.

"मी माणसांची डॉक्टर नाही आजी, दगडांची आहे."

"दगडाला काय होतंय?"

"ताप," बाई म्हणाल्या. "एके काळी फार ताप होता."

म्हातारी उठून गेली ती सगळीकडं सांगत सुटली की बाई चांगल्या घरची दिसते, पण डोकं फिरलंय.

आमच्या गावामागं ओढ्यापासून टेकडीवर चढत गेलेली काळ्या दगडाची भिंत तू पाहिली आहेस. माणसाच्या उंचीची, एकावर एक चिरे बसवावेत तशी. गावात सगळे तिला पांडवांची भिंत म्हणतात. पांडव धरण बांधत होते, कोंबडा आरवला आणि काम अर्ध्यावर टाकून गेले. बाईंनी सांगितलं की भिंत कुणी बांधलेली नाही. जमिनीला लांबच लांब भेग पडली, त्यात तापलेला रस शिरला आणि तिथंच थंड झाला. आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला, हा टणक तेवढा उभा राहिला.

"मंग पांडव कुठं गेले?" चंदरकाकांनी विचारलं.

"ते नंतर आले असतील," बाई म्हणाल्या.

बाईंचे दोन विद्यार्थी शहापूरला रेस्ट हाउसमध्ये उतरले होते आणि माहुली किल्ल्याच्या पायथ्याच्या अशाच भिंती मोजत होते. बाई आमच्या गावात, आमच्याच घरी होत्या. माझे बा त्यांना वाट दाखवायला जायचे आणि मी डोक्यावर पाटी घेऊन मागून चालायची. काम असं होतं. बाई भिंतीवर एक जागा ठरवायच्या. दगड तोडण्याआधी त्यावर मेणखडूनं बाण काढायचा, होकायंत्र लावून बाणाची दिशा वहीत लिहायची, नंबर घालायचा आणि मग हातोडीनं तेवढा तुकडा काढायचा. तो पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, पिशवी माझ्या पाटीत. मी काही विचारत नसे. पण दगडापेक्षा बाणाचंच इतकं कौतुक का, हे मला सारखं वाटायचं. बाण तर आपणच काढलाय, मग तो सांगणार काय?

बाईंनी ते माझ्या तोंडावर वाचलं असणार. एक दिवस भाताच्या पेंढ्याच्या चार काड्या घेऊन त्या पाटाच्या पाण्यात टाकल्या. काड्या आधी वेड्यावाकड्या फिरल्या आणि मग पाणी जाईल त्या रेषेत झाल्या.

"तो रस वाहत होता तेव्हा त्यातही अशा काड्या होत्या. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक. रस थिजला आणि काड्या होत्या तशाच अडकल्या. दगड घरी नेला, पण तो कसा उभा होता ते विसरलो, तर काड्या दिसतील, वाहणं कुठलं होतं ते नाही कळणार. म्हणून बाण."

मग त्यांनी खरा प्रश्न सांगितला. हा रस इथंच खालून सरळ वर आला, की दुरून कुठून तरी भेगेतून आडवा वाहत आला? परदेशातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञानं लिहिलं होतं की खालून सरळ. बाईंना ते पटत नव्हतं. भिंतीच्या मधला दगड सावकाश थंड होतो, तिथल्या काड्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. पण दोन्ही बाजूंच्या कडा शेजारच्या थंड दगडाला लागतात आणि लागल्याबरोबर काचेसारख्या थिजतात. दोन समोरासमोरच्या कडा मिळाल्या, की रस कुठून कुठं गेला ते सांगता येतं. आमच्या भिंतीची कड पावसानं सगळीकडं खाऊन टाकली होती. फक्त ओढ्याजवळ एका जागी दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या कडा शिल्लक होत्या. एक अकरा नंबर, समोरचा बारा. अकरा नंबर काळाभोर आणि भाकरीसारखा सपाट होता. बाईंनी तो माझ्या पाटीत ठेवला तेव्हा तान्हं मूल द्यावं तसा दोन हातांनी ठेवला.

तेवीस दगड झाले आणि बाई विद्यार्थ्यांचं काम बघायला दोन दिवस शहापूरला गेल्या. पिशव्या आमच्या पडवीत होत्या.

म्हशाची जत्रा आठवड्यावर होती. जत्रेला पाव्हणे येतात, म्हणून घर सारवून काढायचं असतं, हे तुला सांगायला नको. पडवी सारवायची म्हणजे पिशव्या हलवायला हव्यात. पिशव्यांना माती लागलेली, दगडांना माती लागलेली, वर कुणी तरी खडूनं रेघोट्या मारलेल्या. बाई पाव्हण्या. त्यांची वस्तू आपल्या घरातून मळकी कशी जाऊ द्यायची? मी सगळे दगड ओढ्यावर नेले आणि राख लावून काथ्यानं घासले. मेणाचा खडू निघत नव्हता, तर घरून ऊन पाणी नेलं. पिशव्याही धुतल्या. आतल्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला, तो ओढ्यात सोडला. मग अंगणात गोणपाट पसरून दगड लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं वाळत घातले. चांगले दिसत होते. मला आठवतंय, मी दोनदा बाहेर येऊन बघितलं.

तेव्हाही मला कळायला हवं होतं. बाणाचं त्यांनी मलाच तर समजावलं होतं. पण हात स्वच्छतेला लागला की डोकं थांबतं, तसं झालं.

बाई परत आल्या. अंगणात उभ्या राहिल्या. पिशव्या दोरीवर वाळत होत्या. त्यांनी एक दगड उचलला, फिरवला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग ओट्यावर बसल्या.

बा पुढं झाले. "काय झालं बाई? चोरी झाली का?"

"नाही हो. शेवंतीनं धुतले."

"मंग? चांगलं झालं ना?"

बाईंनी मान हलवली. कशी, ते सांगता येत नाही. आई दारात होती, ती आत गेली. बाईंची सुटी दहा दिवसांत संपत होती आणि त्यानंतर त्यांना परदेशात एका मोठ्या सभेत हेच काम मांडायचं होतं. त्यांनी चहा मागितला. चहा पिताना स्वतःशीच म्हणाल्या, "वहीत जागा आहेत. पण कुठला दगड कुठल्या जागेचा आणि कसा उभा होता, ते आता कोण सांगणार?"

आणि मी बोलले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "ज्यातून तुटला त्यातच बसंल."

आमच्या जात्याची कड एकदा फुटली होती. परसात तसल्याच दगडाचे चार तुकडे पडले होते, पण बरोबर बसणारा एकच होता. एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाईंनी कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे दगड घेऊन उलट्या वाटेनं निघालो. भिंतीवर जिथं जिथं दगड तोडल्याची ताजी खोक होती, तिथं एकेक दगड लावून बघायचा. बसला की बाई होकायंत्र लावून बाण परत काढायच्या. आधी आम्ही अंदाजानं लावत होतो. मग माझ्या हाताला कळायला लागलं. जो डोक्यावरून आणला होता त्याचं वजन आणि खरखर लक्षात होती. दगड बरोबर बसला की आतून बारीक खट् असा आवाज येतो, आणि मग तो हलवला तरी हलत नाही. गावातली माणसं बघायला यायची.

"बाई, चिकटत नसंल तर डिंक आनू का?"

"शेवंतीनं तोडले, आता शेवंतीच जोडतेय. पांडवांचं राहिलेलं काम हिच्याच नशिबात व्हतं."

मी मान वर करून चंदरकाकांच्या पोराला म्हणाले, "गप रे, हात लावू नको त्याला." मी असं म्हणाले, हे घरी गेल्यावर बांनी आईला सांगितलं. आई चुलीपाशी होती. तिनं वळून माझ्याकडं बघितलं.

पाच दिवसांत बावीस दगड बसले. अकरा नंबरची खोक ओढ्याजवळ उघडी होती आणि माझ्या हातात उरलेला शेवटचा दगड तिच्यात बसत नव्हता. बाईंनी तो उन्हात धरला. "शेवंती, हा भिंतीचा दगडच नाही. ओढ्यातला साधा दगड आहे."

म्हणजे धुताना मी खरा दगड ओढ्यात टाकला आणि भलताच उचलून आणला. दोन दिवस बाई, बा आणि मी गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेक काळा दगड उलटा करत होतो. आई भाकरी घेऊन यायची, काठावर बसायची आणि काही न बोलता परत जायची. दगड मिळाला नाही. बारा नंबर होता, पण एका कडेवरून काही म्हणता येत नाही, दोन लागतात.

जाण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी बांना विचारलं, "हिला माझ्याबरोबर पाठवाल? कॉलेजात दगडाचं काम करायला माणूस हवंय. असा हात मला मिळणार नाही. राहील माझ्या घरी." बा आईकडं बघायला लागले. मला वाटलं, आई नाही म्हणेल. नाही म्हणावं, असंही थोडं वाटत होतं. आई म्हणाली, "जाऊ द्या तिला."

पुण्यात पहिले काही दिवस मी बाईंच्या घरामागच्या खोलीत राहिले. सुकट भाजली तर खालच्या मजल्यावरच्या काकू खिडक्या लावून घ्यायच्या, म्हणून डबा तसाच ठेवला आणि नुसता उघडून वास घ्यायची. भात चांगला असायचा, पण पॉलिशचा, पांढराफेक. आमच्या तांबूस भाताच्या पेजेला जी साय धरते ती त्याला धरत नव्हती. गावात शेजारच्या घरात कुणी खोकलं तरी कळायचं. इथं जिन्यावर माणसं भेटायची आणि बाजूला सरकायची. माझ्यासारख्या मुकीला ते बरंच पडलं, पण बरं पडतंय ह्याचंच कधी कधी वाईट वाटायचं.

वर्कशॉपमध्ये जगतापकाका होते. त्यांनी मला शिकवलं. मशीनच्या पात्यानं, पाणी सोडत, दगडाची चकती कापायची. चकतीची एक बाजू काचेवर पावडर टाकून घासायची, आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत. ती काचपट्टीवर चिकटवायची आणि मग दुसरी बाजू घासत जायची. इतकी घासायची की दगडातून उजेड आरपार जायला लागतो. ती झाली स्लाइड. मधून मधून मायक्रोस्कोपखाली बघायचं. त्यातले पांढरे कण पिवळे दिसले तर अजून जाड आहे, करडे दिसले की हात थांबवायचा. आणखी चार फेरे मारले तर सगळंच घासून जातं, काचेवर काही उरत नाही. पहिल्या महिन्यात मी खूप दगड असे घालवले. जगतापकाका म्हणायचे, "पुरे म्हणायला शिक पोरी. भांडी नव्हेत ही."

आमच्या भिंतीचा दगड मी पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितला तो दिवस मी विसरणार नाही. बाहेरून काळा ठिक्कर. आत निळा, केशरी, जांभळा, मोराच्या पिसासारखा. आणि त्यात आडव्यातिडव्या करड्या काड्या. मी उठून मागं बघितलं, कुणी माझी चेष्टा करतंय का म्हणून. लहानपणी आम्ही त्या भिंतीवर बसून बोरं खायचो, गोवऱ्या थापायचो. हे सगळं तेव्हाही आत होतं.

तेव्हापासून मला प्रश्न पडायला लागले. तोंडानं विचारवत नसे. मी चिठ्ठीवर लिहून बाईंच्या टेबलावर ठेवायची. चौथीचं अक्षर, त्यात चुका. बाई चुका लाल शाईनं सुधारायच्या आणि खाली उत्तर लिहायच्या. मी लिहिलं, "रस वाहत होता तेव्हा वास येत असेल का?" त्यांनी लिहिलं, "गंधकाचा. घशात जळजळ होईल असा." मी लिहिलं, "एक थर थंड झाल्यावर दुसरा यायला किती वर्षं लागली?" त्यांनी लिहिलं, "कधी इतकी की मध्ये माती तयार होऊन झाडं उगवली. कधी काहीच नाही." मी लिहिलं, "रसाला कसं कळतं की भेग कुठं आहे?" त्यांनी लिहिलं, "माहीत नाही. हा चांगला प्रश्न आहे. मी त्यावरच काम करते." अशा चिठ्ठ्यांनी एक डबा भरला. सुकटीचाच डबा. सगळ्यात जास्त वेळा त्यात "माहीत नाही" आहे. एवढ्या शिकलेल्या बाईनं एवढ्या वेळा माहीत नाही लिहिलेलं बघून मला फार धीर आला.

बाई जगभर जायच्या. जिथं अजून डोंगरातून रस बाहेर येतो अशा बेटांवर जाऊन यायच्या. बुटांचे तळ वितळून आलेले मी पाहिले आहेत. आणलेले दगड माझ्याकडं यायचे. त्यांचे विद्यार्थी मोठे झाले, परदेशांत प्रोफेसर झाले. बाईंनी एक मोठी गोष्ट दाखवून दिली की आपल्या कोकणातल्या भिंतींतला रस आणि दूर घाटावरच्या थरांतला रस काही ठिकाणी एकच आहे. त्यासाठी त्यांना मोठं पदक मिळालं. त्या दिवशी कॉलेजात पेढे वाटले. पण त्या सगळ्या कामात आमच्या भिंतीच्या तक्त्यात अकरा नंबरपुढं एक आडवी रेघ होती. परदेशातले ते मोठे शास्त्रज्ञ दर वेळी त्या रेघेवर बोट ठेवायचे. बाई म्हणायच्या, "बरोबर आहे त्यांचं. पुरावा नाही तर नाही." त्या मला कधी बोलल्या नाहीत. म्हणून ती रेघ मला जास्त लागायची. दर वर्षी गावी गेले की मी ओढ्यावर जाऊन दगड उलटे करून बघायची. माझ्या मागं लोक काय म्हणायचे ते मला माहीत होतं.

अशी दहाएक वर्षं गेली. बा वारले. तुझी आई लग्न होऊन वाशिंदला गेली, तू झालीस. मुरबाडला फोनचं बूथ आलं. बाईंचं निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष सुरू झालं.

त्या वैशाखात मी घरी गेले होते. आईला आता खाली बसलं की उठायला भिंत धरावी लागायची. जेवायला बसलो, तर म्हणाली, "आंबा घेतंस का खारातला?" मी म्हटलं, बस, मी काढते. कोपऱ्यात माठ होता. माठावरचं फडकं काढलं. आत आंबे दाबून ठेवायला एक थाळी आणि थाळीवर वजनाला दगड. दर वर्षी मी येऊन जायची. पण आंबा नेहमी आई काढायची. ती मला कधी उठूच द्यायची नाही.

दगड उचलला आणि माझ्या हाताला कळलं. सपाट. एका बाजूला बोटभर जाडीचा काळा, काचेसारखा पट्टा. मी तो दारातल्या उजेडात नेला. आई जेवायची थांबली होती.

"आई, ह्यो कुठला?"

तिनं पदराला हात पुसला.

"आई."

"मीच घेतला व्हता," ती म्हणाली. "तू वाळत घातलेस ना गोणपाटावर, तवा. जुना दगड फुटला व्हता. ह्यो इतका सपाट, म्हटलं, बाईला एवढे दगड, एक नाय दिसला तर काय. पण मोजलेले असतील म्हनून ओढ्यातला एक आनून ठेवला जागी."

"आमी दोन दिवस पाण्यात शोधत होतो आई. तू भाकर घेऊन यायचीस."

"आधी भ्याले. वाटलं, बाई तुज्या बाला बोलतील." तिनं ताट थोडं पुढं सरकवलं. "मंग तू भिंतीवर बोलाय लागलीस. गप रे बोललीस त्या चंदरच्या पोराला. तुज्या बानं सांगितलं. इतकी वर्सं तोंडातून शब्द नव्हता तुज्या. मी बोलले मनात, दगड गावला तर बाई जाईल निघून आनि ही बसंल परत चुलीम्होरं. बाईला वाटू दे, हिच्याकडून काय तरी राहिलंय, मंग ती हिला सोडनार नाय." मग म्हणाली, "आनि मंग सांगायचं राहूनच गेलं. दर साली वाटायचं सांगू, दर साली तू तिथं वाकून दगड उलटे करायचीस."

मला राग यायला हवा होता. आला नाही असं नाही. पण राग पुरता येण्याआधी मी उठले होते आणि दगड घेऊन ओढ्याकडं चालले होते. तो बसतो का, ते बघितल्याशिवाय मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

खोक होती. दहा पावसाळ्यांनी काळी पडली होती, कडेला शेवाळ. एका अंगाला दगडाची कड आईच्या हातानं आणि मिठानं गुळगुळीत झाली होती. मला भीती वाटली. हळूच लावला, थोडा फिरवला, दाबला. खट्.

मी तिथंच खाली बसले.

मग मुरबाडला जाऊन बाईंना फोन केला. मला फोनवर बोलता येत नाही, पण त्या दिवशी बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाण तू काढू नकोस. दगड उचलून घरात ठेव, कुणाला धुवायला देऊ नकोस. मी येते."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. एक गुडघा बांधलेला, हातात काठी, गळ्यात तेच होकायंत्र. आई दारात हात जोडून उभी होती.

"माजी चुकी झाली बाई."

"दहा वर्षं खारात होता?"

"खारात नाय, खारावर. मधी थाळी हाय."

बाई हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ओट्यावर बसून हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आधी आंबा द्या. इतकी वर्षं त्यानं काय दाबून ठेवलंय ते खाऊन तर बघू."

मग आम्ही तिघी भिंतीवर गेलो. मी दगड बसवला, आईनं वरून हातानं दाबून धरला आणि बाईंनी बाण काढला.

त्याची स्लाइड मीच केली. करडा रंग आला तिथं थांबले. बाकीची मोजमापं दुसऱ्या यंत्रावर झाली, त्याला काही महिने लागले. मग एक दिवस बाईंनी माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. आधी कधी त्यांनी आपणहून चिठ्ठी लिहिली नव्हती. "आडवा आला. मावळतीकडून, दुरून. तुमच्या गावाखालून आलेला नाही."

ती चिठ्ठी मी पुष्कळ वेळा वाचली. पांडवांची भिंत म्हणजे गावातली सगळ्यात जुनी गोष्ट, असं आम्ही समजत होतो. तर तीही बाहेरून आलेली. आधी इथं दुसरा दगड होता, त्याला भेग पडली, तिच्यातून दुसऱ्यांच्या जमिनीखालून वाट काढत हा रस आला, जिथवर ऊब होती तिथवर वाहिला आणि थिजला. मग त्याच्या आडोशाला गाव बसलं.

बाईंचा तो लेख छापून आला. इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही, पण तक्ता कळतो. अकरा नंबरपुढं आता रेघ नाही, आकडे आहेत. तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे, ती बाईंनी मला वाचून दाखवली. हा नमुना काही वर्षं एका घरात खारवलेल्या आंब्यांवर वजन म्हणून वापरला गेला होता, हे नोंदवणं आवश्यक आहे. ते परदेशातले शास्त्रज्ञ आता काय म्हणाले, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "त्यांनी लोणच्याची पाककृती मागवलीय."

मंदा, तू मला आणखी एक विचारलं होतंस. मावशी, तुला घर कुठलं वाटतं, गावचं की पुण्याचं? मी तेव्हा नुसती हसले होते. अजूनही नीट सांगता येत नाही. गावी गेले की माझ्या जागी मी पुरती बसत नाही. चार दिवसांत वर्कशॉपच्या पाण्याचा आवाज कानात यायला लागतो. पुण्यात तर माझी खोकच नाही, तिथं मी नुसती ठेवलेली आहे, टेबलावर, उजेडात. पण त्या उजेडात मला माझं गाव आतून दिसलं, निळं आणि केशरी. गावात राहून ते दिसलं नसतं. आणि गावची नसते, तर आत काय आहे ते बघावंसं वाटलं नसतं. एवढंच मला माहीत आहे. बाकीचं माहीत नाही, असं लाल शाईनं लिहून ठेवते.

एक राहिलं. अकरा नंबर आता कॉलेजच्या लाकडी ड्रॉवरमध्ये आहे, तिकडून तो हलणार नाही. आईचा माठ उघडा पडला. म्हणून त्या दिवाळीत मी तिच्यासाठी एक दगड नेला. बाईंनी फार लांबच्या बेटावरून आणलेला, काम होऊन उरलेला. मी मशीनवर त्याला दोन्ही बाजूंनी सपाट केलं, कडा गोल घासल्या. खाली मेणखडूनं नंबर घातला आणि एक बाणही काढला, तो गमतीनं.

आईनं तो हातात घेऊन वजन बघितलं. "ह्यो कंचा?"

"लांबचा हाय आई. समुद्रापलीकडचा."

"बरं," ती म्हणाली, आणि मागच्या दारी गेली. मी बघायला गेले, तर राख आणि काथ्या घेऊन ती तो घासत बसली होती. नंबर गेला होता, बाण अर्धा राहिला होता.

"आई!"

"मंग? मातीचा तसाच ठेवू का आंब्यावर?"

तिनं तो धुऊन पुसला आणि माठातल्या थाळीवर ठेवला. तळहातानं दाबला. खाराचं पाणी थाळीच्या काठावरून हळूच वर आलं. आईनं एका बोटानं दगड हलवून बघितला.

"बसला," ती म्हणाली, आणि वर फडकं बांधलं.